चौकातला आकांत

रानं तुटायला नुकती लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. आपलं झाड गेलं म्हणून एक डोमकावळा कावळीला घेऊन शहरात आला. तिथले करड्या मानेचे कावळे त्या दोघांना तारेवर टेकू देईनात, उकिरड्यात चोच घालू देईनात. "रानटी आले, रानटी!" म्हणत टोचायला धावत.

"आग लागो या शहराला," डोमकावळा रोज म्हणे. "इथं कोण कुणाचं? चल, परत जाऊ."

"कुठं? झाड आहे का?" कावळी विचारी.

एके सकाळी कावळीला विजेचा झटका बसला आणि ती भर चौकात मरून पडली. माणसं तिला ओलांडून कामावर गेली. डोमकावळा तिच्याजवळ उतरून तिला चोचीनं हलवू लागला. तेवढ्यात एक करडा कावळा ओरडला, मग दुसरा, आणि बघता बघता चौकावरचं आभाळ काळं झालं. तिला टोचणारे झाडून सगळे आले होते आणि घसा फाटेस्तोवर आकांत करत होते.

"ही तुमची कोण?" डोमकावळ्यानं शेजारच्या म्हाताऱ्या कावळ्याला विचारलं.

"कोणी नाही, बाबा. पण इथं पडली ना? मग रडायचं आम्हीच."

दुसऱ्याच दिवशी त्या म्हाताऱ्यानं डोमकावळ्याच्या पुढ्यातला घास पळवला. डोमकावळ्यानं त्याला सणसणीत शिवी हासडली, पण परतीचं नाव काढलं नाही.

पुढं एकदा तो म्हाताराही तारेवरून कोसळला. डोमकावळ्याच्या चोचीत तेव्हा भाकरीचा चांगला मोठा तुकडा होता. तो टाकून सगळ्यांत आधी तोच ओरडला. तुकडा कुणी पळवला, हे त्यानं पाहिलंही नाही.