साळूआजीची पाठ

फार जुनी गोष्ट. एका टेकडीच्या पोटात मोठं बीळ होतं. त्यात ससे, एक मुंगूस आणि नजर गेलेली म्हातारी साळू शेजारशेजारी राहत.

उन्हाळा लागला, तसं मुंगूस म्हणालं, "साळूआजी, वणवा आला तर तुम्ही बाहेर कशा पडाल? काटे मिटून पुढे चला, मी मागून वाट सांगतो. आजच सराव करू."

साळूच्या मनात पाल चुकचुकली. काटे मिटायचे आणि वर पाठ मुंगसाकडे करायची? याचा डोळा आपल्या ऐसपैस खोलीवर दिसतोय!

"माझं मी बघीन," ती फिसकारली. मुंगूस रोज विचारी आणि ती रोज काटे फुलवी.

एका दुपारी बिळात धूर शिरला. ससे पळाले. साळू अरुंद वाटेत घुसली, पण भीतीने काटे फुलले आणि ती तिथेच अडकली.

"मिटा, आजी!" मागून मुंगूस ओरडलं. तिने आणखीच फुलवले. तेवढ्यात मागून जोराचा रेटा बसला आणि ती बाहेर येऊन पडली.

"पडले ना माझी मी बाहेर?" ती धापा टाकत म्हणाली.

उत्तराऐवजी कण्हणं ऐकू आलं. तिने चाचपडत पंजा पुढे केला. मुंगसाच्या छातीत तिचेच काटे रुतले होते.

साळूने अंगावरचे काटे मिटले आणि मुंगसाकडे पाठ केली.

"सांग बाबा, कुठे वळू?"