मंजीने आणलेली संध्याकाळ

एका नगरात सूर्य रोज उगवायचा, पण त्याला कुणी विचारत नसे. नगराचं नाव कळसापूर. तिथला दिवस चालायचा तो काशाच्या थाळीवर. चौकातल्या देवडीत पाण्याने भरलेलं एक घंगाळ होतं. त्यात तांब्याचं वाटीएवढं भांडं तरंगत असे आणि त्याच्या बुडाला सुईने पाडलेलं बारीक भोक होतं. भोकातून पाणी आत शिरून भांडं बुडालं की एक घटका झाली. अशा घटका मोजून म्हातारा हैबतीबाबा थाळीवर टोले द्यायचा. टोल्यांवर दुकानं उघडायची, टोल्यांवर बंद व्हायची. लोकांना भूकसुद्धा टोले ऐकूनच लागायची.

एके दिवशी ऊन चांगलं रणरणत असताना संध्याकाळचे टोले पडले. लोकांनी मुकाट्याने दुकानं आवरली. बायकांनी भर उन्हात दिवे लावले. गुराखी गुरं वळवायला लागला, पण गुरं काही येईनात, कारण त्यांना टोले कळत नव्हते. राजजोशी गच्चीवर गेले, कपाळावर हात धरून त्यांनी वर पाहिलं आणि जाहीर केलं, "आज सूर्याला उशीर झाला आहे." हैबतीबाबालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वय झालं की दिवस भरभर जातात, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

चार दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी दुपारचं जेवण जिरायच्या आत महाराजांपुढे रात्रीचं ताट आलं, तेव्हा कुठे चौकशी झाली. भांड्याचं भोक कुणीतरी दाभणाने मोठं केलं होतं. हैबतीबाबा दुपारी मागच्या ओसरीवर भाकरी खायला बसतो, तेवढ्यात कुणीतरी खिडकीतून आत शिरलं होतं. खिडकीखाली इवल्याशा पावलांचे ठसे होते. कोतवाल भुजंगराव त्या ठशांच्या मागोमाग निघाले आणि कोष्टीआळीत मंजीच्या दारात जाऊन थांबले.

मंजी अकरा वर्षांची. "मीच केलं," ती म्हणाली. का केलं, ते कुणी विचारलं नाही.

कोतवालांनी तिला आठ दिवस कोठडीत टाकलं. भांडं बदललं, खिडकी चिणून टाकली आणि देवडीच्या दाराला भलंमोठं कुलूप घातलं. लोकांना हायसं वाटलं. मंजी सुटून घरी आली तेव्हा आळीत तिचं नाव 'चोरटी' पडलं होतं. शेजारणींनी आपल्या मुलींना तिच्याशी खेळायला मनाई केली. मंजी पंधरा दिवस एकटीच सागरगोटे खेळली. सोळाव्या दिवशी देवडीचं कुलूप उघडं सापडलं, आणि कळसापुरात पुन्हा भर दुपारी दिवे लागले.

आता मात्र गोष्ट गंभीर झाली. वेळेत ढवळाढवळ करणं हा तिथे राजद्रोह होता. दुसऱ्यांदा केली तर गडावरच्या तुरुंगात सात वर्षं, तीही पक्क्या दरोडेखोरांच्या शेजारी. मंजीची आई द्वारकी राजाच्या विणकाम कारखान्यातून तशीच धावत आली. तिच्या केसांत सुताचे धागे अडकले होते आणि कडेवर वाटेत घरून उचललेला मंजीचा धाकटा भाऊ होता.

न्यायासनावर व्यंकाजीपंत होते. शेजारी स्वतः महाराज बसले होते.

कोतवाल गरजले, "पंत, हिला आज सोडली तर उद्या ही राजवाड्याचं कुलूप उघडेल!"

"उघडता येईल मला," मंजी म्हणाली. "तुमच्याच कोठडीत शिकले. कोपऱ्यात ते घरफोडे दगडूकाका होते ना, त्यांनी शिकवलं. फार मायेने शिकवतात. दुसरं काही करायलाच नव्हतं तिथे."

सभेत हशा पिकला. कोतवाल पागोटं सारखं करू लागले. पंत मात्र हसले नाहीत. त्यांनी हैबतीबाबाला पुढे बोलावलं.

"बाबा, घटिकेचं भांडं चुकायला लागलं की तुम्ही पहिल्यांदा काय करता?"

"पाणी बघतो, सरकार."

"भांडं नाही?"

"भांडं मागनं. धा येळा चुकलं, तर नऊ येळा पाण्यातच गाळ असतो. गाळ भोकात बसतो, मग ते बिचारं भांडं तरी काय करंल? भांडं फेकून नवं आणलं, तर त्याच पाण्यात नवंबी चुकतं. ह्या खेपेला भोकच वाढलं हुतं, ते खरं. पण माझी रीत म्हणाल, तर आधी पाणी."

पंतांनी मंजीकडे पाहिलं आणि ते न्यायासनावरून उठले. "चला, पाणी बघून येऊ," ते म्हणाले. महाराज, कोतवाल आणि सगळी सभा त्यांच्यामागून कोष्टीआळीत गेली.

आळीत चाळीस घरं होती आणि चाळीसही घरांना कुलूप होतं. प्रत्येक उंबऱ्यावर एखाददुसरं मूल बसलेलं. दोघं कुत्र्याला खडे मारत होती. एकजण बाकीच्यांना कवड्यांचा जुगार शिकवत होता. एक तान्हं मूल रडून रडून तिथेच झोपलं होतं, आणि त्याच्यावरच्या माश्या वारायला सहा वर्षांची बहीण बसली होती.

"यांच्या आया कुठे आहेत?" महाराजांनी विचारलं.

"आपल्या कारखान्यात, महाराज," द्वारकी हळूच म्हणाली. "पूर्वी ऊन कललं की सुटी व्हायची. राजकन्येच्या लग्नाचे शेले विणायचे होते, म्हणून ती दिवेलागणीवर नेली. लग्न होऊन वर्ष झालं. हुकूम तसाच राहिला."

मंजी म्हणाली, "संध्याकाळ झाल्याशिवाय आई येत नाही. धाकटा रडून रडून निळा पडतो. म्हणून मी संध्याकाळच लवकर आणली."

महाराजांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे पंत, आरोपी मी आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

नोकरीच काय, मानही जायची वेळ होती. तरी पंत म्हणाले, "चूक मुलीचीही आहे, महाराज. पण गाळ आपला आहे."

महाराज त्या झोपलेल्या तान्ह्या मुलाजवळ गेले. मग त्यांनी खांद्यावरचा शेला काढला आणि त्याच्या अंगावर पांघरला. "हुकूम मागे घेतला," ते म्हणाले. "उद्यापासून ऊन कललं की सुटी. आता मुलीचा निकाल सांगा."

पंतांनी निकाल दिला. "मंजीने सगळ्या नगराला फसवलं, गुराख्याला भर उन्हात गुरांमागे पळवलं. तेव्हा शिक्षा होणारच. वर्षभर रोज दुपारी तिने हैबतीबाबाकडे यायचं, घंगाळात स्वच्छ पाणी भरायचं, घटका मोजायच्या आणि कारखाना सुटायचे टोले स्वतःच्या हाताने द्यायचे. धाकट्याला बरोबर आणायला हरकत नाही. आणि कोतवाल, यापुढे एकही मूल तुमच्या कोठडीत दिसता कामा नये."

"तिच्याच हातात थाळी?" कोतवाल किंचाळले. "दुपारीच संध्याकाळ करून ठेवील ती!"

दुसऱ्या दिवशी कोतवाल देवडीच्या खांबाआड दबा धरून बसले. हैबतीबाबाला डुलकी लागली होती. मंजीच्या हातात टोले द्यायची लाकडी मोगरी होती आणि भांडं काठापर्यंत भरत आलं होतं. धाकटा तिचा परकर ओढत होता. "ताई, वाजव ना! आई येईल!"

मंजीचा हात वर गेला. तिने भांड्याकडे पाहिलं. अजून बोटभर बाकी होतं. तिने हात खाली घेतला. धाकट्याने भोकाड पसरलं. तिचेही डोळे भरून आले, पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले. धाकट्याला मांडीवर ओढून घेतलं आणि ती पाण्याकडे बघत बसली. भांडं भरलं, डुललं आणि बुडालं. मग तिने असे टोले दिले, की हैबतीबाबा दचकून उठला.

कारखान्याचं दार उघडलं. बायका बाहेर पडल्या. सगळ्यांत पुढे द्वारकी होती आणि ती पळत होती.

कोतवाल भुजंगराव खांबाआडून बाहेर आले. त्यांनी जन्मात पहिल्यांदा मान वर करून सूर्याकडे पाहिलं. वेळ अगदी बरोबर होती. त्यांनी खाकरून घसा साफ केला, घंगाळाजवळची रिकामी घागर उचलली आणि उद्याचं पाणी आणायला ते स्वतः आडाकडे निघाले.

तात्पर्य: मूल वाट चुकलं, तर शिक्षा ठरवण्याआधी ते कशामुळे चुकलं ते पाहावं, त्यात आपला वाटा असेल तर तो आधी दूर करावा, आणि मग त्या मुलावर विश्वास टाकून त्याला जबाबदारीचं काम द्यावं.