बिनकवाडांचा दरवाजा

विषय : निंबारी घाट, शिक्का क्रमांक चार, येथे वेळेची नोंद राहून गेल्याबाबत.

संदर्भ : श्री. पराग उकिडवे यांचा अर्ज, तीन प्रतींत. सोबत कार्डाची छायाप्रत आणि शिक्क्याचा मोठा केलेला फोटो.

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार स्वतः सायकलने घाट चढून चंदनगीर बुवांच्या मठात आले. पुढील मजकूर त्या भेटीचा.

“म्हणजे वेळ तुम्ही लिहिणारच नाही?”

“आधी बूट बाहेर काढ,” बुवा म्हणाले. “फरशीला टोचतात.”

सायकलवाल्यांच्या बुटांना तळाला लोखंड असतं. पराग खटखट करत उंबऱ्यापर्यंत गेला, बूट काढून परत आला. हेल्मेट मात्र काखेतच राहिलं.

“बुवा, दोन ओळींचं काम आहे. मी आलो होतो, हे तुम्हाला आठवतंय. शिक्का तुमचाच आहे.”

“शिक्का माझाच.”

“मग?”

इथे थोडी पार्श्वभूमी देणं भाग आहे. मावळतीर सायकल मंडळ दर मार्गशीर्षात सप्तदुर्ग फेरी काढतं. सात किल्ल्यांच्या पायथ्यांवरून, पहाटेपासून रात्री दहापर्यंत, दोनशेवीस किलोमीटर. वाटेत सात ठिकाणी कार्डावर शिक्का आणि वेळ घ्यायची. सलग पाच वर्षं जो ही फेरी वेळेत पुरी करतो, त्याचं नाव मंडळाच्या पितळी पाटीवर कोरलं जातं. परागची चार वर्षं झाली होती. पाचव्या वर्षी चौथ्या शिक्क्याखाली वेळच नव्हती. मंडळाने कळवलं की अर्जदार तेथे आले होते हे मान्य. केव्हा आले, ते अमान्य.

चौथा शिक्का निंबारी घाटाच्या माथ्यावर असतो. तिथे घडीव दगडांची जुनी कमान आहे, तिला सगळे दरवाजा म्हणतात. कवाडं केव्हाच गेली, बिजागऱ्यांची भोकं उरली आहेत. शेजारी गोसाव्यांचा मठ. शिक्का बुवांकडे.

“तुमचा चष्मा सापडत नव्हता,” पराग म्हणाला. “म्हणून वेळ राहिली. तसं लिहून दिलंत तरी चालेल.”

“चष्मा कपाळावर होता. सापडला लगेच. तोवर तू कार्ड ओढून घेऊन गेला होतास.”

“घाई होती.”

“ती दिसत होती.”

बुवांनी कोनाड्यातून उघडी वही काढली. शाळेच्या हजेरीपटासारखी लांबट. त्यात तीन रकाने : नाव, वेळ, मागे कोण.

शेवटच्या रकान्याचा इतिहास मोठा आहे. घाटातून बैलांचे तांडे चालत, तेव्हा दरवाजावरचा पहारेकरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारी, मागे कोण? कुणी आहे म्हटलं, तर दरवाजा उघडा राही. कुणी नाही म्हटलं, की बंद. तांडे गेले, कवाडं गेली, प्रश्न तेवढा मठाकडे राहिला. सायकलवाल्यांनाही बुवा आधी तेच विचारत, आणि मगच वेळ लिहीत. कंटाळून अर्ध्या वाटेत कोण टेम्पोत बसलं, हे वर माथ्यावर कळायला मार्ग नव्हता. शेवटच्या स्वाराच्या शब्दावर शिक्क्याचं केंद्र बंद होई. मागे कुणी आहे असं तो म्हणाला, तर बुवा पाण्याची कळशी घेऊन घाटातल्या पुलापर्यंत उतरून जात. वय वर्षं चौऱ्याहत्तर.

बुवांनी वही त्याच्यापुढे सरकवली.

“वाच.”

“माझं नाव आहे. वेळ कोरी.”

“पुढे?”

“…मागे कोणी नाही.”

“अक्षर माझं. शब्द?”

परागने वही परत सरकवली.

“त्या दिवशी किती वाजले होते रे?”

“तीन सत्तावन्न,” तो चटकन म्हणाला. “चारनंतरची वेळ धरत नाहीत. तीन मिनिटं आधी पोचलो मी. माझ्या घड्याळात आहे सगळं, नकाशासकट.”

“घड्याळ चांगलं आहे तुझं. त्या फेरीत उशीर का झाला होता?”

“सकाळी चेन तुटली.”

“कुणी जोडली?”

“…लोहोकरेकाकांनी.”

दिगंबर लोहोकरे हे मंडळाचे सर्वांत जुने सभासद. परागला गिअर कधी बदलावा हे त्यांनी शिकवलं, चढावर श्वास कसा धरावा हेही. बुवांच्या पायाशीही त्याला पहिल्यांदा त्यांनीच आणून बसवलं होतं. सतरा फेऱ्यांत लोहोकरे एकदाही वेळेत पोचले नव्हते. वाटेत कुणाचं ना कुणाचं चाक बसलेलं असायचं, आणि लोहोकऱ्यांच्या पिशवीत पंप असायचा. पितळी पाटीच्या दृष्टीने हा माणूस अस्तित्वातच नव्हता.

“किती वेळ लागला चेनला?”

“पन्नास मिनिटं. बोटं कापली त्यांची.”

“म्हणून तुम्ही दोघं शेवटी.”

“हो.”

“दोघं.”

“…बुवा, तुम्ही शब्दांत पकडताय.”

“वय झालं. धावून पकडता येत नाही.”

मठाबाहेर उलट्या ठेवलेल्या सायकलचं पुढचं चाक वाऱ्याने हळूहळू फिरत होतं. महागडी सायकल, एका बोटावर उचलता येईल इतकी हलकी.

“पुलाच्या उतारावर खडी सांडली होती ना?” बुवांनी विचारलं.

“होती. रस्त्याच्या कामाची.”

“तुझं चाक सरकलं नाही?”

“नाही. मी बाजूने काढली.”

“कशाच्या बाजूने? खडीच्या?”

“…”

“उकिडवे, मी जबाब लिहून घ्यायला बसलेलो नाही. कशाच्या बाजूने?”

पराग हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. पट्टा अडकवला. काढला. पुन्हा अडकवला.

“ते कठड्याला टेकून बसले होते,” तो शेवटी म्हणाला. “पाय… पाय सायकलखाली आला होता. रक्त फार नव्हतं, बुवा. शप्पथ. मला वाटलं, उठतील.”

“बोलला काही?”

“हात वर केला होता. मला वाटलं, जा म्हणतायत.”

“असेल. त्याचा स्वभाव तसाच.”

“होय ना?” पराग सावरून बसला. “त्यांना माहीत होतं, माझं पाचवं वर्ष आहे ते. थांबलो असतो तर चार वाजून गेले असते. आणि वर आल्यावर तुम्हाला सांगणारच होतो. पण सांगितलं असतं, तर परत फिरावं लागलं असतं…”

“मी विचारलं होतं.”

“…हो.”

“दोनदा विचारलं. तू हेल्मेटही न काढता बोललास.”

“तेवढ्यात तोंडातून गेलं, बुवा. कोणी नाही, असं. सवयीने जातं तसं.”

बुवांनी मान हलवली. “मग मी शिक्का डब्यात ठेवला. कळशी पालथी घातली. वामकुक्षी राहिली होती, ती घेतली.”

लोहोकरे सहा वाजता एका धनगराला सापडले. पुलाच्या खोलगटात फोन लागत नाही. पायाचा रक्तपुरवठा तुटला होता. दोन तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना ते म्हणावंच लागतं. पाय गुडघ्याच्या वरून काढला. मंडळाने चौकशी केली, तेव्हा लोहोकऱ्यांनी सांगितलं की पडल्यानंतर रस्त्याने कुणीच गेलं नाही. मंडळाने ते नोंदवून घेतलं आणि पुढच्या वर्षापासून पुलावर फलक लावायचं ठरवलं.

“भेटलास त्याला?” बुवांनी विचारलं.

“गेलो होतो. मोसंबी घेऊन.”

“काय म्हणाला?”

परागने हेल्मेट मांडीवर उलटं केलं.

“सांग ना.”

“म्हणाले… वेळेत पोचलास ना?”

“तू काय म्हणालास?”

“हो म्हणालो.”

बुवा उठले. कोनाड्यातला चष्मा घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि घातला. मग पेन काढून परागसमोर धरलं.

“घे. तूच लिही.”

“मी?”

“तीन सत्तावन्न. खरी वेळ आहे. मी खाली सही करतो.”

परागचा चेहरा उजळला. त्याने पेन घेतलं, कोऱ्या रकान्यावर टेकवलं.

“तिथे नव्हे,” बुवा म्हणाले. “इथली रीत ठाऊक आहे तुला. आधी शेवटचा रकाना.”

“तो तर भरलेला आहे.”

“भरलेला आहे. बरोबर असेल, तर त्याखाली तुझी सही कर. चूक असेल, तर खोडून लिही. मग वेळ.”

पेन कागदावरच राहिलं. शाईचा एक बारीक ठिपका पडला, आणि मोठा होत गेला.

पडलेल्या स्वाराला ओलांडून जाणाऱ्याचं नाव मंडळाच्या यादीतून कायमचं काढतात. नियम क्रमांक दोन. परागला तो पाठ होता; नव्या सभासदांना हा नियम परागच वाचून दाखवायचा.

“बुवा, तुम्ही मला अडकवताय.”

“दरवाजा बघ किती मोठा आहे. हत्ती जाईल.”

“काकांनी स्वतः सांगितलंय, कुणीच गेलं नाही म्हणून. ते मला माफ करून बसले, तुम्ही का नाही?”

“माझा पाय शाबूत आहे. मला माफ करता येत नाही.”

“मग शिक्षा तरी सांगा! तप सांगा, नवस सांगा. पायी घाट चढतो अकरा वेळा.”

“चढून काय होणार? चढायला तुला येतंच.”

ऊन कमानीतून आत सरकलं आणि वहीवर आलं. परागने पेनाला टोपण लावलं. अर्जाच्या तिन्ही प्रती नीट जुळवल्या, घडी मोडू नये म्हणून जर्सीच्या मागच्या खिशात उभ्या ठेवल्या. बूट घातले. दोन पावलं खटखट करत गेला आणि थांबला.

“मंडळ महिनाअखेरीला यादी पाठवतं पाटीवाल्याकडे.”

“बरं.”

“वही अशीच उघडी ठेवणार तुम्ही?”

“त्या दिवसापासून तशीच आहे.”

“कशासाठी? लोहोकरेकाका आता वर येणार नाहीत, बुवा. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“मग कधीतरी बंद करावंच लागेल ना हे?”

बुवांनी कळशी उचलली. ती भरलेली होती. त्यांनी दरवाजातून खाली, पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं.

“कशाने करू?… याला कवाडं नाहीत.”

अर्ज प्रलंबित आहे.