गंधाचा आरसा

“काटा टोचत नाही, चटका लागत नाही. याला देह जिंकणं नाही, तर काय म्हणायचं बाबा?”

विश्वंभरने अंबादासबाबांना विचारलं. मठातल्या चुलीवर पाणी तापत होतं, तिकडे ते बघत राहिले.

विश्वंभरचा जीव टांगणीला लागला होता. उद्याच्या जत्रेत निखाऱ्यांवरून पहिलं कोण चालणार, हे बाबा ठरवायचे. आणि वर्षानुवर्षं अनवाणी राहिलेला तो एकटाच. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, चप्पल घाला, पाय सांभाळा. त्याने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. साधकाने पाय सांभाळत बसायचं म्हणजे झालंच!

“पाटावर बस,” बाबा म्हणाले.

“पाट तुमचा आहे, बाबा… पाय मी धुतो तुमचे.”

“बस.”

बाबांनी घमेल्यात पाणी ओतलं, कोपर बुडवून पाहिलं. थोडं गार पाणी घातलं, पुन्हा कोपर बुडवलं. मग शिष्याचा उजवा पाय हातात घेतला. विश्वंभरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टाचेपाशी बाबांचा हात थांबला…

“हा काटा कधीचा?”

“कुठला काटा?”

बाबांनी कोनाड्यातला आरसा उचलून तळव्याखाली धरला. रोज याच आरशात बघून विश्वंभर कपाळाला गंध लावायचा. आज त्यात बाभळीचा काटा दिसला. भोवतीची कातडी काळी पडली होती, आणि आत पू होता.

दुखत काहीच नव्हतं. त्या न दुखण्याची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

“म्हणजे… मी जिंकलं ते काय, बाबा?”

“राखणीचं कुत्रं मेलं, म्हणून चोर यायचे थांबत नाहीत.”

बाबांनी पाय हलकेच टिपून कोरडा केला, बोटांच्या मधूनसुद्धा. काट्याला हात लावला नाही. वर स्वच्छ फडकं तेवढं बांधलं.

“जत्रा राहू दे. बाहेर गाडी उभी आहे, आत्ताच तालुक्याच्या दवाखान्यात जा.”

“पाय… राहील ना?”

बाबांनी फडक्याची गाठ पुन्हा चाचपून पाहिली. त्यांचे डोळे भरून आले होते.

विश्वंभर उठला नाही. खाली मान घालून त्याने विचारलं, “राहिला, तर पुढे साधना कोणती करू?”

बाबांनी आरसा त्याच्या हातात ठेवला.

“देवाचे पाय बघायला सारं गाव येतं, विश्वंभरा. तुझे कोण बघणार?”