ठमाबाईचं तिकीट आणि जावयाचं कार्ड

"ज्या कार्डावर तिकीट काढलं, ते कार्ड दाखवा. नाही? मग बाजूला व्हा!"

काउंटरवरच्या कारकुनाने असं फटकारलं आणि ठमाबाई कासारणीचा हात कपाळाला गेला. कार्ड होतं जावयाच्या खिशात. जावई होता सागरगावात. सागरगाव सात डोंगरांपलीकडे, आणि तिकडे विमान जायचं आठवड्यातून एकदा! लेक पहिलटकरीण, दिवस भरलेले. आजचं विमान चुकलं तर नातवंड आधी पोचणार आणि आजी मागून!

(राजाच्या राज्यात विमान कुठून आलं, म्हणता? अहो, राजाकडे नाही तर काय तुमच्याकडे असणार?)

हा नियम खुद्द हटसेन महाराजांचा. कुणी भामटा दुसऱ्याच्या कार्डावर तिकीट काढून फुकटात उडून गेला. झालं! महाराजांनी फर्मान काढलं, 'कार्ड दाखवेल तोच उडेल.' आणि आज महाराज स्वतः त्याच विमानाने निघालेले. कारकुनाची मान ताठ का, ते कळलं ना?

"अरे बाबा," ठमाबाई म्हणाली, "कार्ड आणायला सागरगावला जायला हवं, आणि सागरगावला जायला कार्ड हवं! मी काय अर्ध्या वाटेवर उतरू?"

गलका ऐकून महाराज आले. मागोमाग प्रधान कोंडोपंत, पोट सावरत.

"काय गं म्हातारे, नियम ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे, सरकार. नियम कशासाठी केलात तेही ठाऊक आहे. कार्डवाल्याला कुणी लुबाडू नये म्हणून. माझ्या जावयाने आपल्या हाताने तिकीट काढलंय."

"मग सिद्ध कर!" महाराजांनी मिशीला पीळ दिला. "विमान सुटायला अर्धा तास आहे. कार्ड नाही, कार्डाचा मालक नाही. तरी मला पटवून दे, की हे तिकीट त्यानेच राजीखुशीने काढलंय. आणि फोन लावायचा नाही. फोनवर कुणीही 'हो, हो' म्हणतं!"

"वा महाराज! काय पेच घातलात!" कोंडोपंत खिदळले.

ठमाबाईने पदर खोचला. "कारकूनबाबा, ते यंत्र तिकडे वळव, मला दिसायला नको. मी सांगते, तू ताडून बघ. माझी जागा वाटेकडची. आणि मोरीजवळची."

"प्रसाधनगृहाजवळची. हो, बरोबर!"

"माझे गुडघे धरलेत, त्याला माहीत आहे. खायला काय सांगितलंय? साबुदाण्याची खिचडी. आज माझी चतुर्थी."

"अगदी बरोबर!"

"हॅ!" महाराज म्हणाले. "चोर तुझ्या आळीतलाच असेल. त्यालाही तुझे गुडघे आणि उपास माहीत असणार!"

"मग शेवटचं वाच रे. सामान?"

कारकून चमकला. "दहा किलो जादा! त्याचे पैसे आधीच भरलेत."

"डिंकाचे लाडू!" ठमाबाईने मोठ्या पिशवीवर थाप मारली. "बाळंतिणीसाठी म्हणतो, पण अर्धे जावईच फस्त करणार! सरकार, कार्ड चोरणारा कधी दुसऱ्याच्या सासूच्या लाडवांचं वजन भरेल का?"

रांगेतली माणसं खो खो हसली. महाराजांची मिशी थरथरली, पण हट्ट हटेना.

"ते काही नाही! कार्ड हातात तो साव, कार्ड नाही तो चोर!"

"असं? मग महाराज, तुमचं कार्ड दाखवा की!"

महाराजांनी एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला. राजे लोक कधी पाकीट बाळगतात का! "माझं... ते प्रधानजींकडे असतं."

"अगं बाई! म्हणजे तुम्ही चोर आणि हे साव! बरं, त्या कार्डावर आज किती तिकिटं निघाली, तेवढं विचारा."

कोंडोपंत पोट सावरत मागे सरकू लागले. कारकुनाने घाबरत वाचलं, "सहा, महाराज. एक आपलं, एक प्रधानजींचं, तीन त्यांच्या मेहुण्यांची आणि एक... थोरल्या मेहुण्याच्या सासूचं. ते चौघं विमानात बसलेसुद्धा. कार्ड दाखवलं, मी सोडलं. नियमाप्रमाणे!"

"कोंडोपंत!" महाराज गरजले. मग ठमाबाईकडे वळले, "तुला कसं कळलं?"

"काल प्रधानीणबाईंना बांगड्या भरायला गेले होते. हात हातात घेतला की बायका मनातलं सगळं बोलतात, सरकार. 'आमचे भाऊ उद्या महाराजांच्या जिवावर उडणार!' म्हणत होत्या." ठमाबाईने हात जोडले. "मी कासारीण, हात दाबून बघितल्याशिवाय बांगडी भरत नाही. तुम्ही मात्र नुसतं कार्ड बघून माणसाचं माप घेता! कार्ड दाखवणारे तुमच्या नकळत विमानात जाऊन बसले, आणि कार्ड न दाखवणारी मी इथे उभी. आता सांगा, खाली कुणाला उतरवायचं?"

महाराज असे हसले, असे हसले, की मुकुट घरंगळत काउंटरपलीकडे गेला आणि कारकुनाला वाकून शोधावा लागला!

तिन्ही मेहुणे आणि ती सासू पिशव्या सांभाळत खाली उतरली. कोंडोपंतांना महिनाभर याच काउंटरवर उभं राहून लोकांच्या पिशव्या तोलायची शिक्षा झाली.

"ठमाबाई, पुढची माझी जागा तुला दिली!"

"नको, महाराज. तिथून मोरी लांब पडते. जावयाने जागा पारखून घेतलीय."

"बरं, मग बाळाच्या मनगटांना माझ्याकडून सोन्याच्या बिंदल्या!"

"घेईन, सरकार! माप मी कळवते. तुम्ही अंदाजाने करू नका!"

महाराज पुन्हा हसले. मग हळूच तिच्या पिशवीकडे बघत म्हणाले, "आणि... एक लाडू?"

"एकच हं!" ठमाबाईने डब्याचं झाकण उघडलं. "वजन जावयाने भरलंय, तोही ताडून बघतो!"