खारनाथाचं मीठ

एका राज्यात समुद्र इतका खारट होता, की मासेसुद्धा घोटभर गोड्या पाण्यासाठी नवस बोलायचे. खोटं वाटतं? मग माशाला विचारा, मला नको.

त्या किनाऱ्यावर खारनाथ नावाचा मांत्रिक राहायचा. त्याची माणसं गावोगाव हाकारे घालायची, "चला! हलकं काम, पोटभर जेवण, डोक्यावर सावली!" लोक हौसेनं जायचे. पोचले की खारनाथ पाटावर बसवून जेवू घालायचा. घास गिळला की मंत्र लागला. ज्याचं मीठ खाल्लं, त्याला सोडून जाता येईना. मिठागराच्या बांधाशी गेलं की पाय आपोआप मागं वळायचे. मग जन्मभर उन्हात मीठ ओढा.

राजाला ठाऊक नव्हतं? होतं की! पण त्याच्या ताटातलं मीठही तिथलंच. बोलायला गेला की जीभ टाळूला चिकटायची. प्रधान वर म्हणायचा, "आपल्या पायांनी आलेत ना? मग गुलाम कसे?"

गोजराचा धाकटा भाऊ सटवा असाच गेला तो परतलाच नाही. गोजरा म्हणजे तोंडाचा पट्टा. हसू नका, तुमच्याही घरात असेल एक. पदराला अळणी भाकरी बांधून ती मिठागरावर पोचली. सटवा गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा, पायांना ह्या भेगा.

"चल घरी."

"अक्का, पाय येत नाहीत गं."

"सोंगाड्या!" म्हणत तिनं त्याला ओढलं. बांधावर सटवाचे पाय गर्रकन फिरले आणि दोघंही चिखलात आपटली.

खारनाथ म्हणाला, "बाई, तीन कामं कर आणि भाऊ ने. चुकलीस तर तूही इथलीच. पहिलं, समुद्र मागं सरकव."

गोजरा काठावर बसून समुद्राला बोलत सुटली. दुपारपर्यंत समुद्रानं कान धरले आणि कोसभर मागं गेला.

"दुसरं. माझा लोखंडी कोंबडा आरवव."

गोजरानं त्याला निरखून बघितलं. "ही कोंबडी अंडी देते का हो?" कोंबडा असा चिडून आरवला, की त्याचा गंजच झडला. "कोंबडी तुझी सासू!" म्हणाला, आणि उडून गेला.

खारनाथाचं तोंड कडू झालं. "तिसरं. उद्या राजा माझ्याकडं जेवायला येतोय. त्याच्या पंक्तीला बसून जेव, आणि उठून जाऊन दाखव."

इथं मात्र गोजराला तोड सुचेना. सटवाजवळ बसून अळणी भाकरी चावू लागली. सटवानं मनगटावरचा मिठाचा खडा खरवडून तिच्या हातावर ठेवला. "घे, माझ्या हातचं आहे."

गोजरानं खडा बघितला, सटवाचे पाय बघितले, आणि खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी ती पंक्तीत पोटभर जेवली. बोटं चाटत म्हणाली, "नाथबाबा, चव झकास! मीठ तुम्ही स्वतः पिकवता?"

खारनाथ उसळला. "मी? ह्या पायांना जन्मात चिखल लागला नाही! ते काम त्यांचं."

"महाराज, ऐकलंत?" गोजरा राजाकडं वळली. "पिकवलं त्यांनी. मग आपण सगळ्यांनी मीठ कुणाचं खाल्लं?"

पंक्तीतले घास हातातच राहिले. राजाची जीभ सुटली. "त्यांचं!"

तेवढं म्हणायचा अवकाश, खारनाथाचे पाय गर्रकन फिरले आणि थेट चिखलात उतरले. मंत्र त्याचाच, उलटला त्याच्यावर. तिकडं सटवानं बांधापलीकडं पाऊल टाकलं. पडलं! मग सगळेच धावले. कुणी रडत, कुणी नाचत, कुणी नुसतंच बांधावरून ये-जा करत.

राजानं दवंडी पिटवली, "ज्याचे पाय, त्याची वाट." ज्यांना मीठच पिकवायचं होतं, त्यांनी मिठागर आपसात वाटून घेतलं. खारनाथाला मात्र मिठाला जागणं आलं. थकल्याभागल्यांना खांद्यावर बसवून घरोघर पोचवायचं. सगळ्यांत म्हातारी भागाई त्याच्या कानाला धरून ओरडायची, "नीट चाल रे मुडद्या, हाडं खिळखिळी झाली!"

गोजरा वाटभर सटवाला बोलत होती. सटवा मुद्दाम हळू चालत होता. त्याला ते संपायला नको होतं.

पोचली एकदाची घरी. आता तुम्हीही उठा. तुम्हाला काय कुणी बांधून ठेवलंय?