जांभळी पागोटी

फार पूर्वी डोंगरांच्या कुशीत एक खोरं होतं. तिथे राजा नव्हता. कारभारी कोण, हे लोकच ठरवायचे. खोऱ्याच्या मधून नदी वाहायची. आधी अलीकडच्या तीराने आपला एक माणूस पुढे करायचा, पलीकडच्या तीराने आपला, आणि मग सगळ्या खोऱ्याने त्या दोघांतून एकाला निवडायचं, अशी रीत होती.

अलीकडच्या तीरावर पाच गावं होती. ती एकाच दिवशी निवड करत नसत. एका बाजारच्या दिवशी पहिलं गाव, पुढच्या बाजाराला दुसरं, अशी पाळी पुढे सरकायची. झाकलेल्या मडक्यात प्रत्येकाने मूठ घालून एक दाणा टाकायचा. गावाचा कौल त्याच संध्याकाळी दवंडीने कळायचा, पण खरा निकाल लागायचा तो शेवटी, पाचही मडक्यांतले दाणे एकत्र मोजल्यावर.

यांतल्या तिसऱ्या गावात एक रंगारीण राहायची. मोठ्या दुष्काळात ती आपल्या आंधळ्या सासूला पाठुंगळी घेऊन घाट उतरून आली होती. नवरा वाटेतच गेला. गावाने तिला ओढ्याकाठी जागा दिली. तिने चूल मांडली, भट्टी लावली आणि हळूहळू ती गावाची झाली. निवडीत दाणा टाकायचा हक्कही तिला मिळाला.

त्या वर्षी अलीकडच्या तीरावर दोघे जण उभे होते. धर्माजी पाण्याची भांडणं बांधावर बसून मिटवायचा. त्याचा आवाज चार माणसांपलीकडे जात नसे. दुसरा झुंजारराव. तो बोलला की डोंगर दुमदुमायचे.

"दुष्काळात घाट उतरून आले त्यांनी घाट चढून परत जावं!" तो गरजायचा. "आणि जे त्यांची बाजू घेतील, त्यांना मी विसरणार नाही!"

उडदाचा दाणा झुंजाररावाचा, तांदळाचा धर्माजीचा, असं ठरलं.

पहिल्या गावाची दवंडी आली. झुंजारराव! दुसऱ्या गावाची आली. पुन्हा झुंजारराव!

दुसऱ्या दिवशी शेजारीण रंगारणीला रोजचं ताक द्यायला आली नाही. पाणवठ्यावर बायका तिला पाहून गप्प झाल्या. एका सकाळी दार उघडलं तर चौकटीवर कुणीतरी कोळशाने फुली मारलेली. तिने पदर भिजवून ती घासून काढली, पण काळा डाग काही पुरता गेला नाही.

"सूनबाई, सकाळी सकाळी काय घासतेस गं?" सासूने आतून विचारलं.

"काही नाही, आत्याबाई. रंग सांडला होता."

म्हातारी चाचपडत दाराशी आली. मग म्हणाली, "मला आता घाट चढवणार नाही हो. जायची वेळ आली तर मला इथेच ठेव."

रंगारणीने तिचा हात धरून तिला चुलीपाशी बसवलं.

त्याच दुपारी सुतार मागच्या दाराने आला. काखेत पांढरं पागोटं होतं. "आक्का, हे जांभळं करून दे," तो हळूच म्हणाला. जांभळा हा झुंजाररावाचा रंग. "मला तो माणूस पटत नाही गं. पण सगळे त्याच्याच मागे आहेत. उद्या तोच आला तर अंगावर काहीतरी असलेलं बरं."

सुतार गेला आणि कुंभार आला. कुंभारानंतर वैद्य. त्यानंतर गावचा पुजारी, मग ताकवाली शेजारीण नवऱ्याचं पागोटं घेऊन. शेजारणीने मान वर केली नाही. "आम्हाला का तो हवाय, बाई? पण सगळे तिकडे गेल्यावर आम्ही एकटे काय करणार?"

प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच. रंगारीण ऐकत होती आणि पागोटी बुडवत होती. तिचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले. खरं म्हणजे एवढं ऐकून तिला धीर यायला हवा होता. पण भीती पुढचं दिसू देत नाही. दोरीवर जांभळ्या पागोट्यांची रांग वाळत होती. 'सगळं गाव त्याचं झालं,' तिला वाटलं. आपणही उडीदच टाकू, अख्खं गाव त्याच्या बाजूचं निघालं तर कदाचित त्याला दया येईल.

बाजारचा दिवस उजाडला. पाराजवळ मडकं मांडलं होतं आणि रांगेत जिकडे तिकडे जांभळंच जांभळं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. जो तो दुसऱ्याचं डोकं पाहायचा आणि आपली मूठ आणखी घट्ट आवळायचा. रंगारीण शेवटी उभी होती. उडदाचा दाणा तळहाताच्या घामाने ओला झाला होता.

अर्धी रांग सरली. तिच्या पुढे सुतार आणि कुंभार होते.

"तूसुद्धा?" सुतार कुंभाराकडे पाहून कुजबुजला. "मला वाटलं होतं, निदान तू तरी धर्माजीबरोबर असशील."

"मलाही तुझ्याबद्दल तेच वाटलं होतं," कुंभार म्हणाला. त्याचा चेहरा पडला.

रंगारणीच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. पाराच्या कडेला झुंजाररावाची माणसं काठ्या टेकून उभी होती. तरी ती रांगेतून बाहेर आली.

"मी कुणाचं नाव घेणार नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की लांबच्यांना जवळ सरकावं लागलं. "पण ही सगळी पागोटी मी रंगवली. देणाऱ्या प्रत्येकाने मला एकच सांगितलं. मला तो नको, पण बाकी सगळ्यांना हवा आहे. अहो, मग ते बाकीचे आहेत तरी कोण? माझ्याकडे तर त्यांतलं कुणी आलंच नाही!"

काठीवाल्यांतला एक पुढे सरसावला. "गप बस, घाटावरचे!"

तेवढ्यात ताकवाली शेजारीण रांगेतून निघाली आणि रंगारणीला खेटून उभी राहिली. मग एक म्हातारी सुईण मोठ्याने म्हणाली, "आणि काय रे, पहिलं गाव त्याचं आजोळ, दुसरं त्याची सासुरवाडी. तिथे तो हरला असता तरच नवल! एवढ्यावरून आपण डोकी रंगवून घेतली?"

रांगेत कुणीतरी हसलं. काठीवाला जागीच थांबला. रंगारणीने हातातला उडीद जमिनीवर टाकला आणि बाजारात मांडलेल्या पोत्यातून तांदळाचा दाणा उचलला. तिच्या पुढच्यांनीही तेच केलं.

पण अर्ध्या गावाने आधीच मूठ रिकामी केली होती. मडक्यातला दाणा काही परत घेता येत नाही. संध्याकाळी दवंडी पिटली गेली. थोडक्या दाण्यांनी का होईना, तिसरं गावही झुंजाररावाचंच!

ते दिवस रंगारणीने कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक. पान हललं तरी तिला काठीचा आवाज वाटायचा. इकडे बाजारकऱ्यांनी पारावरची हकिगत पुढच्या दोन्ही गावांत नेली होती. तिथेही जांभळं कापड खपू लागलं होतं. हकिगत ऐकून माणसं एकमेकांना विचारू लागली, "खरं सांग, तुला कोण हवाय?"

त्या दोन्ही गावांनी भरभरून तांदूळ टाकला. शेवटी पाचही मडकी एका चादरीवर ओतली. तांदळाचा ढीग मोठा भरला. अलीकडच्या तीराचा माणूस धर्माजी ठरला.

बातमी आली तेव्हा तिसऱ्या गावात कुणी गुलाल उधळला नाही. कुठल्या तोंडाने उधळणार? सुतार रंगारणीच्या दारात येऊन उभा राहिला. "आक्का, आम्हीच तुला घाट दाखवला होता की. दुसऱ्या गावांनी तुला वाचवलं."

"मीसुद्धा हातात उडीदच घेऊन आले होते, दादा," रंगारीण म्हणाली. "तुम्हाला काय बोलू? आता पलीकडच्या तीराच्या माणसाशी गाठ आहे. पहिली दवंडी पुन्हा येईल आणि पुन्हा धडकी भरेल. त्या दिवशी घरात कोंडून घेऊ नका. आधी शेजाऱ्याकडे जा."

तात्पर्य: पहिल्या दवंडीला घाबरून जो आपलं मत बदलतो, तो ज्याची भीती वाटते त्यालाच बळ देतो.